दोराचं दुसरं टोक

फेब्रुवारी १९५८, सूर्य परतला त्या दिवशी

सेवेरिन,

तुझी कॉफी पोचली. टपालाच्या बर्फगाडीवर पिशवी एका कोपऱ्याला फाटली होती, पण फारशी सांडली नाही. ती मी शेजारच्या बोलेत्ताला देऊन टाकली. तिच्याकडे माणसांचा राबता असतो, माझ्याकडे येतंय कोण? घोंगडीही मिळाली, चांगली उबदार आहे. आमची कुत्री व्यालीय, तिच्याखाली अंथरली.

'ताई, तू बरी आहेस ना' असं एकाच पत्रात तू तीनदा विचारलंयस. बरी आहे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण तू काही चोर नाहीस, माझा धाकटा भाऊ आहेस. मासळीच्या वखारीत दिवसभर उभं राहून कॉड चिरावे लागतात आणि हातांचा वास जात नाही, असं लिहिलंयस. साबण लाव.

आज सूर्य डोंगराआडून डोकावला. टोप्या नि हातमोजे काढून सगळं गाव टेकडीवर उभं होतं. तुझी लेक नाया माझ्या शेजारी होती. तिचा नवरा आमोस चांगला मुलगा आहे, रोज बर्फातल्या भेगेवर शिकारीला जातो, परवा सील आणला. पहिला वाटा तिनं माझ्याकडे पाठवला. तुझ्यावर गेलेली नाही ती.

तुझ्या दाजींचं नाव मी लिहीत नाहीये. ते अजून कुठल्या बाळाला दिलेलं नाही, आणि तोवर ते तोंडातून काढायचं नसतं, हे तू दक्षिणेत जाऊन विसरला नसशील. शरदात बोलेत्ताला मुलगा झाला, तेव्हा ती नाव मागायला आली होती. मी नको म्हटलं. गावाला वाटतं, मी दुःखानं दगड झालेय.

आणि गाव अजून तुझीच गोष्ट सांगतं बरं का. दाजी हट्टानं एकटेच पायी उत्तरेच्या भेगेकडे गेले, तू नको नको म्हणत होतास. परवा बोलेत्ताचा नवरा मोठ्या मुलाला दरडावत होता, "कोवळ्या बर्फावर जाशील तर त्यांच्यासारखं होईल." ज्या माणसानं उपाशी हिवाळ्यात या गावाच्या प्रत्येक घरी मांस पोचवलं, त्याचा आता पोरांना मूर्खपणाचा दाखला देतात. मी सूप ढवळत होते, ढवळत राहिले.

ताबिता

एप्रिल १९५८

सेवेरिन,

तुझ्या पत्राला उशिरा उत्तर देतेय. हात कामात होते. तू विचारतोस, मी रागावलेय का. राग कसला? मी आपली सीलांचं बघत बसते.

तू तिथं कॉडमध्ये रमलास, म्हणून सांगते. सीलिणी व्यायल्यात. बर्फावर साचलेल्या भुसभुशीत थरात आतून पोकळी कोरून पिल्लाला ठेवतात. वरून बघावं तर नुसतं पांढरं माळरान, काही म्हणजे काही दिसत नाही. पांढरी लोकर पांघरून पिल्लू आत गप पडून असतं. अस्वलाला मात्र वास येतो. ते पुढचे दोन पाय उचलून छप्पर फोडतं. म्हणून शहाणी सीलीण एकच खोली करत नाही, चार-सहा करते. धोका वाटला की पिल्लाला तोंडात धरून पाण्याखालून दुसऱ्या खोलीत नेते. श्वासाची भोकंही तशीच. शरदात बर्फ पातळ असतो तेव्हा डोक्यानं फोडून ठेवते आणि पुढं हिवाळाभर नखांनी खरवडून उघडी राखते. बर्फ माणसाच्या उंचीचा झाला तरी भोक तसंच राहतं. एका भोकावर शिकारी दिसला की दुसऱ्यावर, तिथंही दिसला की तिसऱ्यावर. त्या बिचाऱ्या जनावराची अक्कल बघून मला कौतुक वाटतं. पण शेवटी कुठंतरी वर यावंच लागतं. श्वासाला पर्याय नाही.

बाबा म्हणायचे, "भोकावर बसायचं तर मनातसुद्धा हलायचं नाही." तुला ते कधी जमलं नाही. तू पाय बदलायचास आणि बर्फातून त्याला ऐकू जायचं. मला जमायचं, पण मी मुलगी.

भोकावर बसल्यासारखी मी एका गोष्टीपाशी बसून आहे. गेल्या जूनमध्ये तू तो मोठा मिशाळ सील आणलास ना, त्याची गोष्ट. तू आणि दाजी एकाच गाडीवरून गेलात. तू एकटा परतलास. सूर्य मावळायचे दिवस नव्हते, सगळं गाव अंगणातच होतं. तू गाडी थेट माझ्या दाराशी आणलीस, सील खाली लोटलास आणि मग विचारलंस, "दाजी आले का?" मी म्हटलं, तुझ्याबरोबर नव्हते का? तू म्हणालास, वाटेत उतरले, उत्तरेला गेले, मिशाळ तुला एकट्यालाच सापडला.

लोक म्हणाले, सेवेरिन किती भला, बहिणीच्या दारात सील टाकला. पण तेव्हा मी विधवा नव्हते रे. तेव्हा मी फक्त एका शिकाऱ्याची बायको होते आणि माझा नवरा अजून उशिरा का होईना परतणार होता. ज्याचा भाला पहिला लागतो, सील त्याच्या घरी जातो. तुला एकट्याला सापडलेला सील तुझ्या दारात जायला हवा होता. तो माझ्या दारात का टाकलास?

मी काही विचारत नाही. सहज मनात आलं.

ताबिता

ऑगस्ट १९५८, जहाज उभं आहे

तुझं पत्र मिळालं. मोठं आहे. त्यात हवामान आहे, वखारीचा मुकादम आहे, दातदुखी आहे. माझ्या प्रश्नाचं उत्तर तेवढं नाही. आता मी सांगते. जहाज संध्याकाळी निघेल, तेव्हा थोडक्यात.

पुरुष शोधायला गेले त्या दिवशी मी एकटी घरी होते. तू सगळ्यांना उत्तरेला नेलंस. मी सील सोलायला बसले, कारण उन्हाळ्यात मांस थांबत नाही. आधी त्याच्या तोंडात गोडं पाणी घातलं. जन्मभर खाऱ्यात राहून तहानलेला जीव असतो तो, पाणी दिलं की जाऊन बाकीच्यांना सांगतो आणि ते येतात. आईनं मला शिकवलं तसंच सगळं मी केलं. मग अर्धगोल सुरी घेऊन पोटापासून चिरत गेले आणि खांद्याखालच्या चरबीत सुरी अडली.

भाल्याचं टोक होतं. वॉलरसच्या सुळ्याचं. ते आत शिरलं की आडवं फिरतं आणि बाहेर येत नाही, तसंच घडवलेलं असतं. म्हणून तुला घाईत ते काढता आलं नाही. त्याच्यावर दोन तिरप्या रेघा आणि मधे ठिपका होता. ती खूण कुणाची, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

म्हणजे दाजी तुझ्याबरोबर होते. भाला त्यांचा पहिला लागला. आणि तुझे हात तुझ्या जिभेपेक्षा खरे निघाले, सेवेरिन. तोंडानं खोटं बोललास, पण दुसऱ्याचा सील आपल्या घरी न्यायची हिंमत तुला झाली नाही. सील रुसतील, पुन्हा कधी येणार नाहीत, याची तुला भीती वाटली. माझी नाही वाटली.

टोकाला वीतभर दोर शिल्लक होता. मिशाळाच्याच कातड्याचा, मी कापून, दातांनी चावून मऊ केलेला. तो दोर तुटत नाही. तुटला तर टोकाला धागे सुटतात. हा गुळगुळीत होता. कापलेला.

दोराच्या एका टोकाला सील होता. दुसऱ्या टोकाला काय होतं, सेवेरिन?

तू पुरुषांना उत्तरेला नेलंस, आणि ते बर्फ तुडवत तिथं हाका मारत होते. तुझी गाडी पश्चिमेकडून आली होती, पण तिकडच्या भेगेपाशी एकानंही हाक मारली नाही.

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, आणि दया म्हणून नाही. सांगितलं असतं तर गावानं सुस्कारा टाकला असता, 'बर्फ तो बर्फच' म्हटलं असतं, आणि पुढच्या सीलाच्या सूपाला तुला बोलावलं असतं. आपली माणसं तशीच आहेत, फार लवकर माफ करतात. मला त्यांची माफी माझ्या डोळ्यांदेखत वाया घालवायची नाही. तू तुझ्या तोंडानं सांगायचं, ते कुठं होते आणि कसे गेले. तोवर मी मूग गिळून बसेन.

मार्च १९५९

हिवाळाभर गप्प राहिलास आणि आता पाच ओळी.

"ताई, बर्फ तुटत होता. त्यांनी दोर मनगटाला गुंडाळला होता. सील घसरत होता, मी त्याच्यावर आडवा पडून धरला होता. सगळेच गेलो असतो. माझ्या मागं नाया होती."

किती वेळा वाचलं म्हणून सांगू. सगळेच म्हणजे कोण रे? तू आणि सील. सील तर मेलेलाच होता.

तुझ्या मागं नाया होती. माझ्या मागं कोण होतं? मला मूल नाही, हे तुला ठाऊक होतं. मला एक माणूस होता, तो मनगटाला दोर गुंडाळून पाण्यात लटकला होता आणि वर तुझा चेहरा बघत होता. तो तुला काय म्हणाला? ते तू लिहिलेलं नाहीस. लिहू नकोस. सांगायला ये.

तू येणार नाहीस, मला माहीत आहे. गेल्या वर्षी म्हणालास वखारीत सुट्टी नाही, यंदा म्हणशील दात दुखतो. तुझी भोकं पुष्कळ आहेत. म्हणून मी सगळ्या भोकांवर बसायचा खटाटोप सोडला. एकच भोक धरलंय.

नायाला दिवस गेलेत. जूनमध्ये होईल. तिनं तुला लिहिलंच असेल.

आठवतं का, आपण लहान होतो आणि बाबा आपल्याला सीलिणीच्या खोल्या दाखवायला घेऊन गेले होते? त्यांनी छप्पर फोडलं. सीलीण पाण्यात निसटली, पिल्लू सापडलं. त्यांनी त्याच्या मागच्या पायाला दोर बांधला आणि त्याला त्याच भोकातून पाण्यात सोडलं. पिल्लू खाली धडपडायला लागलं. बाबा म्हणाले, आई येईल, ती येतेच. दोर धरायला त्यांनी आधी तुला सांगितलं. तू रडायला लागलास. "ताई, सोड ना त्याला, सोड." मग दोर मी धरला. माझे हात थरथरले नाहीत. आई आली.

त्या रात्री तू मांस खाल्लं नाहीस. मी दोन वाट्या खाल्ल्या, आणि बाबा म्हणाले, ही मुलगा असती तर.

तुला रडू यायचं, मला नाही. आणि बघ, शेवटी सुरी कुणी चालवली.

दोन हिवाळे मी एक नाव राखून ठेवलंय. बोलेत्ताला नाही म्हटलं, दुकानापलीकडच्या घरातल्या सुनेलाही नाही म्हटलं. आजी सांगायची, ज्याचं नाव कुणाला मिळत नाही तो दाराबाहेर कुडकुडत उभा असतो, आत घ्या म्हणतो. माझ्या दाराबाहेर ते दोन हिवाळे उभे आहेत. वारा दार वाजवतो तेव्हा मी अंथरुणात उठून बसते आणि म्हणते, थोडं थांबा, थोडंच. माझ्या माणसाला मी थंडीत ठेवलंय, सेवेरिन. तुझ्यासाठी.

जून १९५९

मुलगी झाली. बाळंतीण सुखरूप आहे. मी होते सोबत.

मी मनात सगळं ठरवून गेले होते. नायाला कसं सांगायचं, ती नको म्हणाली तर काय करायचं, चर्चमधल्या मास्तरांना बाप्तिस्म्याआधी कसं गाठायचं. काही करावंच लागलं नाही. बाळ पुसून तिच्या छातीवर ठेवलं तशी ती मला म्हणाली, "आत्या, तू सगळ्यांना नाही म्हटलंस. मलाही म्हणशील का? मला हिला आतोबांचं नाव द्यायचंय. मी लहान असताना त्यांनी मला सुळ्याचा इवलासा सील कोरून दिला होता, तो अजून माझ्याकडे आहे. आणि बाबांनाही बरं वाटेल, त्यांचा किती जीव होता आतोबांवर."

मी बाहेर आले आणि कुत्र्यांपाशी जाऊन उभी राहिले. तिला काहीच ठाऊक नाही. आपल्या हातानं, आपल्या पोरीच्या पायाला दोर बांधून तिनं दुसरं टोक माझ्या हातात दिलं होतं. या वेळी माझे हात थरथरले, तेही सांगते.

पण मी सोड म्हटलं नाही.

रविवारी मास्तरांनी पाणी शिंपडलं. मुलगी आहे म्हणून काही बिघडत नाही, नावाला बाई-पुरुष नसतं. आता मी लिहू शकते. एनोक. एनोक. एनोक. दोन वर्षांनी हे नाव माझ्या तोंडात आलं.

आणि काय झालं ते ऐक. सगळं गाव तिला एनोक म्हणून भेटायला आलं. बोलेत्ताच्या नवऱ्यानं, त्याच शहाण्यानं, तिच्या तळहाताला बोट लावून म्हटलं, "आलास का बाबा परत? फार उशीर केलास." कुणी वाळवलेलं मांस आणलं, कुणी तंबाखू आणला, कारण एनोकला तंबाखू आवडायचा. त्या मांसाच्या गोळ्याला तंबाखू! सगळे हसत होते, मीही हसले. दाराबाहेर कुणी उभं नव्हतं. दार वाजलं नाही. मी घरी येऊन आडवी झाले ती सकाळपर्यंत झोपले.

तुला वाटलं असेल, आता ताई विरघळली. नाही रे. माझा माणूस परत आलाय, म्हणून तर तुझा हिशेब आता त्याच्यासमोर व्हायचा.

ती मला बायको म्हणेल, मी तिला धनी म्हणेन. आणि तुला, तिच्या सख्ख्या आजोबाला, ती 'मेहुण्या' म्हणून हाक मारेल. तू तिला 'दाजी' म्हणायचं. दुसरं काही म्हणता यायचं नाही. तू नातीला मांडीवर घेशील, 'दाजी' म्हणशील आणि ती तुझ्याकडे बघेल. न येऊन चालणार नाही. नाया रोज विचारते, बाबांचं पत्र आलं का, बाबा कधी येतात. आजवर नातवंडाला बघायला आजोबा आला नाही, असं या गावात घडलेलं नाही.

दोर पाण्यात सोडलाय. तू येशील. ती येतेच.

ऑगस्ट १९५९, सामानाच्या होडीबरोबर

सेवेरिन,

नायाला तार आली, तू या जहाजानं येतोयस. जहाज खाडीत नांगर टाकतं आणि पहिली होडी सामान आणायला जाते, ती आमोस वल्हवतोय. हे पत्र त्याच्याकडे देतेय. त्यानं वाचलेलं नाही. तू जहाजावरच वाच आणि मग उतर.

किनाऱ्यावर सगळे असतील. नायानं सकाळपासून केक भाजलेत, कॉफी दळलीय, सीलाचं सूप मोठ्या पातेल्यात चढवलंय. तुझ्यासाठी गावाकडे प्रेम आहे, फुकटचं. मास्तर टोपी घालून आलेत. तुला वाटेल तेव्हा परत फिरता येईल असं समजू नकोस, जहाज उद्या जातं आणि त्याआधी खाणं व्हायचं आहे.

तू पहिलं पाऊल ठेवशील तेव्हा मी एनोकला तुझ्या हातात देईन. तिच्या गळ्यात मी ते भाल्याचं टोक बांधलंय. दोन रेघा, मधे ठिपका, आणि वीतभर दोर जसाच्या तसा. मी तो कशातही खोवलेला नाही, कापलेलं टोक वर दिसतं. नायाला वाटलं, आतोबांची आठवण. ती बिचारी रडली आणि माझ्या गळ्यात पडली. पण पुरुष ते बघतील. हा दोर कुठून आला असं कुणीतरी विचारेल. मी म्हणेन, तू आणलेल्या मिशाळाच्या खांद्यातून निघाला. आणि मग सगळे तुझ्याकडे बघतील.

त्याआधी तू बोललास तर बरं. मला तुझं रडणं नको आहे. बर्फ तुटत होता, हेही सांग, मी आडवी येणार नाही, खरंच तुटत असेल. भीती वाटली हेही सांग. पण एनोक उत्तरेला गेला नव्हता, हे सांग. तो मूर्ख नव्हता. त्याचा भाला पहिला लागला होता. तो तुझ्याबरोबर होता आणि तू पश्चिमेहून येऊन सगळ्या गावाला उत्तरेकडे बोट दाखवलंस. एवढं मुलाबाळांसमोर बोल, म्हणजे उद्यापासून या गावात पोरांना दरडावताना कुणी माझ्या माणसाचा दाखला देणार नाही. त्यानंतर गावानं तुला सूप वाढलं तर वाढू दे. मीच वाढेन. घशाखाली उतरतं का बघ.

माझ्या मनात अजून काय आहे, ते मलाही धड कळत नाही. गेल्या आठवड्यात पिल्लाचा दोर हातात धरल्याचं स्वप्न पडलं आणि भोकातून तुझं डोकं वर आलं, लहानपणीचं, नाक वाहणारं. मी भाला उचलला की नाही ते बघायच्या आत जाग आली.

एक गोष्ट तुला आधी सांगून ठेवते. पोरीची मूठ फार घट्ट आहे. सगळ्या बाळांची असते, पण हिची जरा जास्तच. बोट हातात आलं की सोडत नाही. मी सोडवून बघितलं, आमोसनं बघितलं, नाया तर हसून दमली. तू तिला घेशील तेव्हा ती तुझं बोट धरेल, तुझ्या तोंडाकडे बघेल आणि लटकून राहील.

सुरी जहाजावरच ठेवून ये.

ताई